पहिला पाऊस, फेल ट्रॅक आणि दीड ओहम

स्टेशन तापीच्या खोऱ्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण अशी स्टेशनं खानदेशात ओळीनं सापडतील: दोन मेन लाइन, दोन्ही अंगांना गाडी बाजूला थांबवायची एकेक लूप लाइन, एका बाजूला मालधक्का, धक्क्यामागे ट्रक उभे राहायची जागा आणि तिच्यापलीकडे थेट बाग. जमीन काळी. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर तीच माती बुटासकट पाय धरून ठेवते. या प्रकरणात मातीचा वाटा मोठा आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

जूनमधला पहिला मोठा पाऊस रात्री सुरू झाला. मध्यरात्र उलटल्यावर पॅनलवर डाऊन लूपचा ट्रॅक लाल झाला. म्हणजे लूपवर गाडी उभी आहे, असं पॅनल सांगत होतं. लूप मोकळी होती. मास्तरांनी पोर्टरला टॉर्च देऊन शेवटापर्यंत पाठवलं, खात्री करून घेतली आणि सिग्नल खात्याला फेल्युअर मेमो दिला. सेक्शनचा टेक्निशियन, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, त्या वेळी पुढच्या फाटकावर अडकला होता. तिथला बूम खाली येत नव्हता. स्टेशनवर होता तो ट्रेनी. अमळनेरकडचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, वर्गातलं ट्रेनिंग संपवून फील्डवर आलेला. सक्षमता प्रमाणपत्र अजून हातात नव्हतं, त्यामुळे एकट्यानं काही करायची त्याला परवानगीच नव्हती. अण्णानं त्याला तिथं ठेवलं होतं ते फोन उचलायला आणि मेमो घ्यायला.

स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलबाहेर एक रिकामी मालगाडी येऊन उभी राहिली. सेक्शनमधल्या गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलचा फोन आला. मग परत आला. मास्तर ट्रेनीला म्हणाले, "बघ बाबा, तुझ्याच्यानं काही होतंय का."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यात हुकूम नाही, परवानगीही नाही. तरी नव्या माणसाच्या कानाला ते हुकमासारखंच लागतं.

पोरगा छत्री, मीटर आणि पाना घेऊन रुळांशेजारच्या लोकेशन बॉक्सकडे गेला. तिथं त्यानं जे पहिलं केलं ते नीट केलं, हे सांगायलाच हवं. फीड एंडला, म्हणजे रुळांत करंट सोडतात त्या टोकाला, बॅटरी तपासली, ठणठणीत होती. दुसऱ्या टोकाला, रिले एंडला, जाऊन व्होल्टेज घेतलं. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच: पुरेसा करंट मिळाला की तो उचलतो, कमी पडला की सोडतो. व्होल्टेज तो उचलायला लागतं त्याच्या थोडं खाली होतं. मीटरच्या काचेवर पावसाळी किडे बसत होते, ते पुसून तो आकडा बघत राहिला. आकडा एकदम शून्य नव्हता. हळूहळू उतरत होता. रुळांचे तुकडे जोडणारी बाँड वायर तुटली असती तर आकडा धाडकन पडला असता. शेजारच्या ट्रॅकपासून विजेनं वेगळं ठेवणारा ग्लूड जॉइंट शॉर्ट झाला असता तर फीडचा करंट भलताच चढला असता. पावसाबरोबर हळूहळू उतरणारं व्होल्टेज म्हणजे गळती: करंट रिलेपर्यंत पोचण्याआधीच एका रुळातून गिट्टीवाटे दुसऱ्या रुळात जातोय. हे निदान त्यानं एकट्यानं, अंधारात, कुणी न सांगता केलं. निदान बरोबर होतं.

मग तो परत फीड एंडला आला, टॉर्च दातांत धरली आणि रेग्युलेटिंग रेझिस्टन्सच्या पट्टीचा नट सैल करायला घेतला. रेझिस्टन्स कमी केला की फीड वाढणार, फीड वाढला की रिले उचलणार, रिले उचलला की पॅनलवरचा लाल जाणार. वर्गात त्याला हे सूत्र शिकवलेलं होतं. ते खोटं नाही.

तेवढ्यात अण्णाचा फोन आला. "काय करी ऱ्हायना रे भो?"

पोरानं सांगितलं. पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग, "तुले कोनी सांगं? हात काढ. पट्टी होती तिथं परत कस. रीडिंग लिही आणि मास्तरांकडे जाऊन बस. मी येतो."

घडलं ते एवढंच. अपघात नाही, कुणाला इजा नाही, चौकशी नाही. तरी नव्या बॅचपुढे मी हेच प्रकरण मांडतो, कारण त्या पान्याच्या टोकाशी या कामातलं बरंचसं शिकण्यासारखं गोळा झालं होतं.

गाडी अडली होती का?

पोराशी नंतर बोललो तेव्हा तो एकच सांगत होता, "गाडी अडली होती ना." त्याच्या डोळ्यांसमोर होमबाहेर उभी असलेली मालगाडी होती आणि ती आपल्यामुळे उभी आहे असं त्याला वाटत होतं.

पण तो पट्टीचा नट फिरवत होता तेव्हा ती गाडी लूपवर येऊन, थांबून, पुढे निघूनही गेली होती. होम सिग्नलच्या खांबावर खाली कॉलिंग-ऑन असतो: 'सी' अक्षराची पाटी आणि छोटा पिवळा दिवा. गाडी होमपाशी पूर्ण थांबली की ठरलेला वेळ जाऊ देऊन मास्तर तो देऊ शकतात. लोको पायलट मग जपून, समोर काही दिसलं तर थांबता येईल अशा वेगानं आत येतो. लूपचा ट्रॅक फेल असताना गाडी आत घ्यायची वाट सिग्नलच्या रचनेतच ठेवलेली आहे. ज्या स्टेशनवर कॉलिंग-ऑन नाही किंवा तोही चालत नाही, तिथं लेखी अधिकारपत्र आहे, हातसिग्नल आहे, गाडीची लाइन बदलणारे काटे क्लॅम्प करून कुलूप लावणं आहे. वेळ जातो, कंट्रोल ओरडतो, पण गाडी पुढे जाते.

ट्रेनीला हे माहीत नव्हतं असं नाही. कॉलिंग-ऑनचं चित्र त्याच्या वहीत होतं. पण ते सिग्नलच्या प्रकारांच्या धड्यात होतं आणि ट्रॅक सर्किट फेल्युअर वेगळ्या धड्यात. रात्री दीड वाजता ते दोन धडे त्याच्या डोक्यात एकमेकांना भेटले नाहीत.

याला एक कारण आमच्या रचनेतही आहे. स्टेशन मास्तर घडतात भुसावळच्या झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये. सिग्नलचे टेक्निशियन घडतात दुसरीकडे, आणि सिग्नलचे अधिकारी सिकंदराबादच्या इरिसेटमध्ये, १९५७ पासून चालत आलेल्या संस्थेत. प्रत्येक ठिकाणी शिकवतात चांगलंच. फक्त ज्या दोन माणसांना आयुष्यभर रात्री-अपरात्री एकमेकांशी बोलायचं आहे, ती दोघं ट्रेनिंगमध्ये एकदाही समोरासमोर बसत नाहीत. मास्तरांना "बघ बाबा" म्हणायची सवय लागते, आणि पोराला "साहेब, मी एकटा हात लावू शकत नाही, तुम्ही कॉलिंग-ऑननं घ्या" हे वाक्य तोंडातून काढायची सवय कुणी लावत नाही. माझ्या मते अर्धं प्रकरण या न बोललेल्या वाक्यात आहे.

दीड ओहमचा हिशोब

उरलेलं अर्धं विजेत आहे, आणि ते जरा सावकाश बघू.

ट्रॅक सर्किटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सननं १८७२ मध्ये त्याचं बंद सर्किट आणलं. आधीचा त्याचा प्रयोग उलटा होता: गाडी आली की करंट वाहायचा आणि धोका दाखवायचा. त्यातली खोट उघड होती. वायर तुटली तर गाडी असूनही काही दिसणार नाही. म्हणून त्यानं करंट कायम वाहता ठेवला. एका टोकाला बॅटरी, दोन रूळ, दुसऱ्या टोकाला रिले. करंट पोचतोय तोवर लाइन मोकळी. चाकं आली की करंट चाकांतूनच परत फिरतो, रिले सोडतो, सिग्नल लाल. वायर तुटली, बॅटरी उतरली, रूळ तडकला, तरी बहुतेक वेळा लालच. बिघाड सुरक्षित बाजूला पडतो. आजही आपल्या यार्डात हाच विचार चालतो, जिथं चाकं मोजणारे ॲक्सल काउंटर बसले नाहीत तिथं.

आता त्या रात्रीचा लाल. गाडी नसताना ट्रॅक लाल होणं म्हणजे सर्किट आपलं काम करतंय. त्याला खात्री वाटत नाही म्हणून ते नाही म्हणतंय. पाटाला गळती लागली की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी न्यायचे दोनच मार्ग: वरून जास्त पाणी सोडा, नाहीतर गळती बुजवा. पोरानं पहिला निवडला.

त्यात काय बिघडतं ते फळ्यावरच्या सोप्या आकड्यांनी दाखवतो. हे आकडे त्या रात्रीचे नव्हेत, समजण्यासाठी घेतलेले आहेत. ट्रॅक ६०० मीटरचा. फीड ४.४ व्होल्ट, म्हणजे २.२ चे दोन सेल. रिले ९ ओहमचा, तो १.४ व्होल्टला उचलतो आणि ०.९५ च्या खाली गेलं की सोडतो असं धरू. रेग्युलेटिंग रेझिस्टन्स ४ ओहम.

यार्डात गिट्टीचा रेझिस्टन्स किलोमीटरला किमान २ ओहम असावा असा नियम आहे. ब्लॉक सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या लाइनवर, ४. लांबी वाढली की गळतीच्या वाटा वाढतात, म्हणून हा रेझिस्टन्स लांबीबरोबर घटतो. ६०० मीटरला किमान ३.३ ओहम हवेत. चिखलानं भरलेल्या गिट्टीत तो दीडवर आला समजा. रिलेवर येतात साधारण १.०७ व्होल्ट. उचलायला १.४ लागतात, म्हणून लाल. इथपर्यंत ठीक.

आता रेझिस्टन्स ४ वरून दीडवर आणा. त्याच चिखलात रिलेवर २.०३ व्होल्ट येतात. रिले खणखणीत उचलतो, लाल जातो, मास्तर खूश, कंट्रोल खूश. पोरगा जाऊन झोपतो.

पट्टी तशीच राहिली आणि डिसेंबर उजाडला. गिट्टी कोरडी, ६०० मीटरला ३३ ओहम. लूपवर आठवडाभर गाडी आली नाही, रुळाच्या डोक्यावर गंजाचा पातळ पापुद्रा. मग एक गाडी आली. चाकं आणि रूळ यांच्यात ०.५ ओहमचा संपर्क झाला. एवढा संपर्क झाला तरी ट्रॅक लाल व्हायलाच हवा, ही यार्डातल्या ट्रॅकची किमान परीक्षा असते. जुन्या ४ ओहमच्या पट्टीवर रिलेला मिळाले असते ०.४६ व्होल्ट, आणि त्यानं तत्काळ सोडलं असतं. दीडच्या पट्टीवर मिळतात १.०४. सोडायला ०.९५ च्या खाली जावं लागतं. रिले सोडत नाही. गाडी लूपवर उभी, आणि पॅनल म्हणतं लूप मोकळी.

वर्गात हा आकडा लिहून खडू खाली ठेवला की पोरं गप्प होतात. जूनच्या रात्रीचा लाल गाडीला वीस मिनिटं थांबवतो. डिसेंबरचा खोटा मोकळेपणा दुसरी गाडी त्याच लाइनवर आणू शकतो. आणि तेव्हा जूनमध्ये नट कुणी फिरवला ते कुणाच्याही लक्षात नसतं, कारण मेमो नाही, नोंद नाही, डिस्कनेक्शनचा टी/३५१ फॉर्म नाही.

डिस्कनेक्शनचा तो कागद म्हणूनच आहे. चालू सर्किटला हात लावायचा तर आधी मास्तरांकडून ते सर्किट लेखी काढून घ्यायचं, काम करायचं, तपासायचं, लेखी परत द्यायचं. नव्या पोरांना तो कागद म्हणजे बाबूगिरी वाटते. रिले रूमला दोन कुलपं का, एक किल्ली मास्तरांकडे आणि दुसरी आमच्याकडे का, हेही त्यांना आधी गमतीचं वाटतं. मग मी बहानगा बाजारचं नाव घेतो. २ जून २०२३ ला ओडिशातल्या त्या स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल मेन लाइनचा होता आणि गाडी गेली लूपवर, उभ्या मालगाडीवर. २९० हून जास्त माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सापडलं ते सिग्नलच्या वायरिंगमधल्या जुन्या फेरफारात आणि त्या दिवशी फाटकाच्या बॅरिअरच्या कामात. तिथला दोष वेगळ्या जातीचा होता, ट्रॅकच्या फीडशी त्याचा संबंध नव्हता. पण यंत्रणा आतून एक आणि बाहेरून दुसरं दाखवत होती, हे मात्र दोन्हीकडे तेच.

सकाळी काय निघालं

उजाडल्यावर सिग्नलचे एसएसई, म्हणजे सीनियर सेक्शन इंजिनीअर, आले, रुळांची देखभाल बघणारे पीडब्ल्यूआय गँग घेऊन आले. दोन खात्यांची माणसं एकत्र रुळावरून चालत गेली तेव्हा काय ते दिसायला वेळ लागला नाही. धक्क्यासमोरच्या पट्ट्यात गिट्टी दिसतच नव्हती. केळीचे ट्रक रिकामे करताना पडलेली पानं, घडांचे दांडे, त्यावर ट्रकच्या चाकांनी आणलेली काळी माती, असे हंगामावर हंगाम तिथं साचले होते. शेजारची नाली त्याच कचऱ्यानं बुजली होती, म्हणून पाणी जायला वाट नव्हती. मुकादमानं फावडं मारलं तर वीतभर खाली पहिला दगड लागला.

पण खरी गोष्ट नंतर निघाली. ट्रेनीला मीटर देऊन दर दहा-पंधरा स्लीपरला दोन रुळांमधलं व्होल्टेज घ्यायला लावलं. चिखलाच्या पट्ट्यात ते उतरत होतं, अपेक्षेप्रमाणे. त्याच्या पुढे, जिथं गिट्टी स्वच्छ होती, तिथंही एके जागी ते उतरलं. खाली वाकून बघितलं तर काँक्रीट स्लीपरवर रूळ आणि क्लिप यांच्यामधले नायलॉनचे लायनर, ज्यांना सगळे जीएफएन म्हणतात, बऱ्याच ठिकाणी चिरडलेले, काही नव्हतेच, आणि दोन-तीन जागी कुणीतरी लोखंडी लायनर मारून दिलेले. ते लायनर रुळाला स्लीपरपासून विजेच्या दृष्टीनं वेगळं ठेवतात. कोरड्या दिवसांत त्यांची उणीव कुणाला भासली नव्हती. ओल्या काँक्रीटनं ती उघडी केली.

रात्री फीड वाढवला असता तर हे लायनर सापडले नसते. फेल्युअर बंद झालं असतं, सकाळी गँग आली नसती, आणि ट्रॅक आतून सडत राहिला असता. नव्या बॅचला हा भाग मी दोनदा सांगतो.

नालीला वाट करून दिल्यावर दुपारपर्यंत ट्रॅकचा लाल आपोआप गेला. गिट्टी उपसून साफ करायला पुढे ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून लाइन, घ्यावी लागली, लायनरही टप्प्याटप्प्यानं बदलले. रेझिस्टन्सची पट्टी होती तिथंच आहे.

वर्गात काय बदललं

सिग्नलिंगच्या प्राथमिक वर्गात सुरुवात ठरलेली असते: रंग आणि नावं. लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. डिस्टंट, होम, स्टार्टर, ॲडव्हान्स्ड स्टार्टर. होमपुढे १८० मीटर मोकळी लाइन का हवी. हे सगळं हवंच. पण नावं पाठ झाली की पोराला वाटतं आपल्याला सिग्नल येतो, आणि त्याच्या मनात चांगला सिग्नलवाला म्हणजे लाल घालवणारा हे चित्र घट्ट होतं. ते चित्र मोडायला पुस्तकाचा फार उपयोग होत नाही, असं माझं मत.

म्हणून आता पहिल्या दोन दिवसांतच एक प्रयोग करतो. दोन लोखंडी अँगल, त्यांच्यामध्ये पत्र्याच्या ट्रेमध्ये शेतातली काळी माती, एका टोकाला सेल आणि फिरवायचा रेझिस्टन्स, दुसऱ्या टोकाला जुना रिले. माती कोरडी असताना रिले उचललेला. मग एक जण तांब्यातून थेंबथेंब पाणी सोडतो. काही वेळानं रिले टक् करून पडतो. मी विचारतो, आता काय करायचं? दर वेळी कुणीतरी रेझिस्टन्सची मूठ फिरवतं. रिले उचलतो, टाळ्या पडतात. मग ट्रे काढून कोरड्या मातीचा दुसरा ट्रे ठेवतो आणि अर्ध्या ओहमची कॉइल अँगलवर आडवी टाकतो. रिले पडायला हवा. पडत नाही. टाळ्या वाजवणारेच आधी पुढे येऊन कॉइल नीट टेकली आहे का ते बघतात.

रावेरच्या एका मुलानं विचारलं होतं, की मग पावसाळ्यात फीड कधीच वाढवायचा नाही का? प्रश्न चांगला होता. वाढवता येतो, पण वाढवल्यानंतर कोरड्या दिवसाची परीक्षा द्यावी लागते. सगळ्यात वाईट ओलाव्यात रिलेला त्याच्या पिक-अपच्या किमान १२५ टक्के व्होल्टेज मिळालं पाहिजे, कोरडेपणात ते ठरलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहिलं पाहिजे, आणि शंट, म्हणजे चाकांच्या जागी रुळांवर आडवा अर्धा ओहम, टाकल्यावर रिले पडलाच पाहिजे. तिन्ही एकाच पट्टीवर जमत नसतील तर दोष पट्टीत नाही, गिट्टीत आहे. हे ठरवायचा अधिकार एसएसईंचा. पाना हातात असलेल्याचा नव्हे.

दुसरा बदल अजून अर्धाच झालाय. मास्तरांच्या वर्गातले ट्रेनी आणि आमचे ट्रेनी यांना एका खोलीत बसवून फक्त फोनवरचं बोलणं घटवून घ्यायचं, असा प्रस्ताव आहे. एकानं मेमो द्यायचा, दुसऱ्यानं घ्यायचा. एकानं "बघ बाबा" म्हणायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायला शिकायचं, तेही उद्धटपणा न करता. दोन्हीकडची वेळापत्रकं जुळेनात म्हणून ते आमच्या आमच्यातच चाललंय. कुणीतरी मास्तर होतो आणि जरा जास्तच ओरडतो.

या भागात गरज वाढणार हे दिसतंच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जळगाव-मनमाड चौथी लाइन, १६० किलोमीटर, आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन, १३१ किलोमीटर, यांना मंजुरी दिली. जिथं लाइन वाढते तिथं जुनं सिग्नलिंग उघडावं लागतं आणि ठेकेदारांची नवी पोरं लोकेशन बॉक्सपाशी येतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी आदल्या वर्षापर्यंत घरांची वायरिंग केलेली असते. तिथं दिवा लागला की काम झालं.

आमचा ट्रेनी आता प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या सेक्शनला आहे. डाऊन लूपच्या हिस्टरी कार्डावर त्याच्या अक्षरात दोन रकाने आहेत, ओल्यातलं रीडिंग आणि कोरड्यातलं, आणि शेजारी शंट टेस्टची नोंद. त्या रात्रीचं फेल्युअर सिग्नलच्या खात्यावर टाकायचं की इंजिनीअरिंगच्या, यावर दोन खात्यांत बरेच दिवस कागद फिरले. धक्क्यामागची नाली साफ कुणी ठेवायची हा प्रश्न मात्र त्या कागदांत नव्हता. केळीचे ट्रक यंदाही तिथंच रिकामे होतात.